फक्त बीएस्सीपर्यंतच्या कॉलेजात खरं संशोधन जमतं का? सोलापूरकडच्यांनी सांगा

झूलॉजी_सोलापूर यांचा प्रश्न

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापुरात एका अनुदानित कॉलेजात झूलॉजी शिकवते. आमचं कॉलेज बीएस्सीपर्यंतच, एमएस्सी नाही, पीएचडीचं सेंटर तर लांबच राहिलं. यूजीसीच्या नियमाप्रमाणं असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं, ते आहेच, त्यावर इंटर्नल परीक्षा, पेपर तपासणी, ॲडमिशन कमिटी, एनएसएसचं शिबिर, आयक्यूएसीच्या म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या फायली, आणि एनईपी म्हणजे नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून क्रेडिटचे तक्ते भरण्यातच अर्धा दिवस जातो.

विचारायचं असं की अशा कॉलेजात पोरांना सोबत घेऊन खरंखुरं संशोधन करता येतं का? दर मीटिंगला विषय निघतो, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या म्हणजे संशोधनाच्या निकषात आपण कमी पडतोय, पेपर वाढवा. मग स्टाफरूममध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो आपलं काम शिकवायचं, संशोधन विद्यापीठानं आणि आयसरसारख्या मोठ्या विज्ञान संस्थांनी करावं, दुसरा म्हणतो कशाला डोक्याला ताप, पैसे भरून कुठंतरी छापून आणा आणि कॅसची म्हणजे बढतीची फाईल पूर्ण करा. मला दोन्ही पटत नाही. पोरं झुरळाच्या पचनसंस्थेची आकृती मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवतात, सही घेतात, व्हायवाला तीच चार उत्तरं देतात आणि पदवी घेऊन बाहेर पडतात, तीन वर्षांत एकदाही स्वतः प्रश्न विचारून त्याचं उत्तर शोधलेलं नसतं, मग ही पोरं विज्ञान शिकली असं कसं म्हणायचं? आणि पैसे देऊन छापलेल्या पेपरातून पोरांच्या हाताला काय लागतं ते वेगळं सांगायला नको.

अडचणी खऱ्या आहेत. पोरं मोहोळ, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या गावांतून एसटीनं येतात, दुपारची गाडी चुकली की घरी पोचायला रात्र, त्यामुळं प्रॅक्टिकल संपल्यावर थांबा म्हणायची सोय नाही. शहरातल्या काही मुली घरी गेल्यावर आईबरोबर विड्या वळतात. लॅबमध्ये साधे मायक्रोस्कोप, एक जुना सेंट्रिफ्यूज, एक फ्रिज. डीएनएच्या प्रती काढायचं पीसीआर यंत्र वगैरे नाही आणि येणारही नाही. यातून जे केलेलं काम खरं म्हणता येईल असं काय करता येईल? आणि त्यात पोरांचं शिकवणं मागं पडणार नाही याची काळजी कशी घ्यायची? ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

माळरान (निवृत्त) यांचं उत्तर

मॅडम, प्रश्न फार चांगला मांडलात. मी आयुष्यभर पदवीच्याच वर्गांना बॉटनी शिकवली, त्यामुळं अधिकारानं सांगतो की जमतं, पण आपल्याकडं काय नाही याची यादी आधी करायची सवय सोडावी लागते, आपल्याकडं जे आहे ते मोठ्या संस्थांकडं नाही हे बघा. दरवर्षी नवी पोरं येतात, ती शहराच्या आणि जिल्ह्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून येतात, आणि आपण पंचवीस-तीस वर्षं एका जागी असतो. पुण्याच्या पीएचडीवाल्या पोराला चार-पाच वर्षांत काम संपवायचं असतं, त्याला वीस वर्षं एकच गोष्ट मोजता येणार नाही, आपल्याला येते.

उपकरणाबद्दल म्हणाल तर दामोदर धर्मानंद कोसंबी आठवा. फर्ग्युसनमध्ये पदवीच्या पोरांना गणित शिकवायचे, त्याच काळात जुन्या चांदीच्या नाण्यांची वजनं करून करून ती चलनात किती फिरली असतील याचा हिशोब त्यांनी मांडला, लागलं काय तर चांगला तराजू आणि गणित. आणि जनुकांमधलं अंतर काढायचं जे सूत्र त्यांनी १९४४ साली छापलं ते ब्रीडिंगवाले आजही कोसंबी फंक्शन या नावानंच वापरतात. कोसंबी सगळ्यांना होता येत नाही हे कबूल, पण शिकवणारा माणूस संशोधन करू शकत नाही हे काही खरं नाही.

आता तुमच्या विषयातलं सांगतो. आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, कधी त्याहून लांबतं. म्हणून घरोघरी बॅरल, टाक्या, हौद, रांजण भरून ठेवलेले असतात. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्य खातं सांगतं आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून पुसून ठेवा. पण ज्या घरात पुढचं पाणी कधी येणार याची खात्री नाही ती बाई बॅरलच्या तळाचं पाणी ओतून देईल का? नाही देणार, ती जुन्यावरच नवं भरणार, आणि अळ्या तशाच राहणार. हा प्रश्न अस्सल सोलापूरचा आहे, आणि याचं उत्तर वॉर्डनिहाय कोणी वर्षानुवर्षं मोजत राहिलं तर महापालिकेलाही उपयोगी पडेल.

करायचं कसं, तर प्रत्येक पोरानं आपलं घर आणि गल्लीतली ओळखीची घरं घ्यायची. लागतं काय, एक टॉर्च, पांढरा प्लास्टिकचा ट्रे, ड्रॉपर, झाकणाच्या बाटल्या. बॅरलवर टॉर्च मारला की अळ्या झरझर खाली जातात, थोडं थांबलं की श्वास घ्यायला परत वर येतात, तेव्हा बघायचं. ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असते, एडिस आणि क्युलेक्स डोकं खाली करून तिरप्या लटकतात. एडिस की क्युलेक्स ते मायक्रोस्कोपखाली ठरवायचं, तुमचे साधे मायक्रोस्कोप त्याला पुरतात. मग दर १०० घरांत किती घरांत अळ्या सापडल्या, पाणी असलेल्या भांड्यांपैकी किती भांड्यांत सापडल्या, आणि १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हे तीन आकडे काढायचे. शेवटच्याला ब्रेटो इंडेक्स म्हणतात, जगभर हेच वापरतात त्यामुळं तुमचा आकडा दुसऱ्या शहराशी ताडून बघता येतो. सोबत एवढंच लिहायचं की भांडं कसलं, झाकण आहे का, शेवटचं पूर्ण रिकामं कधी केलं, नळाला पाणी किती दिवसांनी आलं. घरमालकाचं नाव लिहायचं नाही, नुसता नंबर द्यायचा, आणि विचारूनच आत जायचं. सर्व्हे सुरू करायच्या आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडून कागद करून घ्या, कमिटी नसेल तर ती स्थापन करायला लावा.

एसटीची अडचण इथं येत नाही कारण काम पोराच्या गल्लीतच आहे. आणि एका पोराच्या नोंदीत चूक झाली म्हणून काम बुडत नाही, दहातलं एक घर दुसऱ्या पोरानं परत तपासायचं असा नियम करा म्हणजे चुका कळतात.

एक सूचना. झूलॉजीवाल्यांना नान्नजचं अभयारण्य आठवतं पहिल्यांदा, १९७९ पासूनचं माळढोकचं अभयारण्य घराजवळ आहे तर तिथंच काहीतरी करू असं वाटतं. पोरांना दाखवायला जरूर न्या, पण अभ्यासासाठी वनखात्याची परवानगी लागते, ती मिळेपर्यंत सेमिस्टर संपतं. पक्षी करायचे तर हिप्परग्याच्या तलावापासून किंवा अगदी कॉलेजच्या आवारापासून सुरू करा, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साईटवर नोंदी टाकत राहा.

सीएचबी_दहावं_वर्ष यांचं उत्तर

माळरान सरांबद्दल आदर आहे, पण एक बाजू राहून जातेय ती मांडतो. मी तासिका तत्त्वावर म्हणजे सीएचबीवर शिकवतो. तासाला पैसे, सुट्टीला नाही, परीक्षेच्या काळात नाही, मे महिन्यात तर काहीच नाही. पदवी कॉलेजांत आता किती विभाग माझ्यासारख्यांच्या जीवावर चाललेत हे इथं सगळ्यांना माहिती आहे. प्रोजेक्ट आला की गाईड म्हणून नाव परमनंट माणसाचं, पोरांना घेऊन फिरायचं, तक्ते तपासायचे, रात्री फोनवर त्यांच्या शंका सोडवायच्या ते सीएचबीवाल्यानं, आणि पेपर छापून आला की त्यात माझंही नाव नाही, ज्यांनी घाम गाळला त्या पोरांचंही नाही. एका कॉलेजात हे माझ्यासोबत झालेलं आहे. त्यामुळं संशोधन करा म्हणताना ते कोणाच्या तासांत आणि कोणाच्या पगारात करायचं हे पहिलं ठरवा.

ते ठरवायला आता जागा आहे म्हणून सांगतो. एनईपीच्या आराखड्यात दुसऱ्या वर्षाला फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट आलंय, प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटचे ६० तास. हे तास टाईमटेबलवर दाखवा आणि शिक्षकाच्या वर्कलोडमध्ये धरा, सीएचबीवाल्याच्या बिलात धरा. बऱ्याच ठिकाणी काय होतं, फील्ड प्रोजेक्ट म्हणजे पोरं झेरॉक्सच्या दुकानातून तयार फाईल आणतात, कव्हर बदलतात, आणि मार्क मिळतात. तेच ६० तास माळरान सर म्हणतात त्या अळ्यांच्या कामाला दिले तर वेगळा वेळ काढायची गरजच नाही.

चौथ्या वर्षाच्या ऑनर्स विथ रिसर्चच्या भरवशावर मात्र राहू नका. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात आणि विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त गाईड असलेले किमान दोन परमनंट शिक्षक हवेत, आमच्यासारख्या कॉलेजांत ते कुठून आणणार? भरती झाल्याशिवाय ते दार उघडणार नाही, हे प्रत्येक मीटिंगमध्ये आणि प्रत्येक निवेदनात लिहायला हवं. पूर्वी यूजीसीचं मायनर रिसर्च प्रोजेक्ट मिळायचं, त्यातून एखादा चांगला मायक्रोस्कोप यायचा, तेही राहिलं नाही.

यंत्रमाग_ते_एमएस्सी यांचं उत्तर

मॅडम मी विद्यार्थ्याच्या बाजूनं सांगतो, सध्या पुण्याला एमएस्सी फिजिक्स करायलोय, बीएस्सी सोलापूरातच झाली. आमच्या सरांनी शेवटच्या वर्षाला विचारलं तुमच्या घरात, गल्लीत अशी कुठली गोष्ट आहे जी मोजावी वाटते, तर मी म्हणलं मागाचा आवाज. माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत, घरी आले की टीव्ही मोठ्यानं लावतात, आईला वाटायचं मुद्दाम करतात. तर आम्ही तिघं मित्र कारखान्यांच्या मालकांना विचारून आत मोजायला लागलो, काहींनी हाकललं, काहींनी चहा पाजला.

सुरुवातीला मोबाईलच्या ॲपवर मोजलं. सरांनी एका इंजिनिअरिंग कॉलेजातून साऊंड लेव्हल मीटर उसना आणून दिला आणि म्हणले दोन्ही शेजारी शेजारी धरा. माग बंद असताना दोन्ही जवळपास सारखं दाखवायचे, पण शेडमधले सगळे माग चालू झाले की मीटरचा आकडा वर जायचा आणि मोबाईलचा एका जागेवर अडकून बसायचा. आम्हाला कळंना का. मग वाचत गेलो तेव्हा समजलं की मोबाईलचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, फार मोठा आवाज आला की तो आपोआप दाबतो. म्हणजे ज्या ठिकाणी मोजायची खरी गरज तिथंच ॲप कमी दाखवतं. कॅलिब्रेशन हा शब्द पुस्तकात आधीपण वाचलेला होता बरं का, पण तो कळला त्या शेडमध्ये.

आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात दिवसाला ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, दोन मागांच्या मधल्या बोळात उभं राहिलं की मीटर त्याच्या वरच राहायचा. आणि डेसिबल हे लॉगवर असतं, नुसतं ३ नं वाढलं तरी आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, हे गणित लॉगॅरिथमच्या धड्यात कोणी असं सांगितलं असतं तर मी बारावीलाच गणितावर प्रेम केलं असतं. आम्ही ते आविष्कार या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेला घेऊन गेलो, विद्यापीठ पातळीपर्यंत, नंबर नाही आला पण परीक्षक बराच वेळ थांबले आणि त्यांनी विचारलं की कानात कापूस घालतात त्यानं किती फरक पडतो ते का नाही मोजलं. तो प्रश्न पुढच्या बॅचनं घेतला.

तुम्ही विचारलंत ना शिकवणं मागं पडतं का, तर मॅडम आमचं तरी उलट झालं, एमएस्सीच्या मुलाखतीत मला फक्त या कामावरच विचारलं, आणि मला सगळं सांगता आलं कारण ते मीच केलं होतं. फक्त एक करा, पोरांवर विषय लादू नका. आमच्या वर्गात ज्यांना सरांनी टॉपिक वाटून दिले त्यांनी नेटवरून उतरवलं.

मायक्रो_अकलूज यांचं उत्तर

शिकवणं विरुद्ध संशोधन ही भांडणाची जोडी मला मुळातच मान्य नाही. अमेरिकेत लहान कॉलेजांनी यावर खूप आधी विचार केलेला आहे. एमआयटीनं पदवीच्या पोरांना संशोधनात घ्यायचा कार्यक्रम १९६९ ला सुरू केला ते ठीक, ती मोठी संस्था, पण १९७८ मध्ये लहान पदवी कॉलेजांतल्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन कौन्सिल ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च काढली, आपल्यासारखेच शिकवणारे लोक. पुढं त्यांच्याकडं अडचण आली की एकेका पोराला लॅबमध्ये घेऊन किती जण घेणार, चार-पाच हुशार पोरांचंच भलं होतं. त्यावर उपाय निघाला तो म्हणजे अख्ख्या वर्गाचं नेहमीचं प्रॅक्टिकलच संशोधनाचं करायचं.

यातलं माझं आवडतं उदाहरण सी-फेजेस, २००८ ला सुरू झालं, पिट्सबर्गचे ग्रॅहॅम हॅटफुल त्यामागं आहेत. पहिल्या वर्षाची पोरं आपापल्या अंगणातली माती आणतात, त्यातून जिवाणूंना खाणारे विषाणू म्हणजे फेज वेगळे करतात, पेट्री डिशवर जिवाणूंच्या थरात गोल स्वच्छ खळगे पडलेले दिसतात ते प्लाक, आणि सापडलेल्या फेजला नाव पोरानंच द्यायचं. दुसऱ्या सेमिस्टरला त्याचा जीनोम म्हणजे सगळा जनुकीय मजकूर वाचायचा. याच संग्रहात दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या एका विद्यार्थिनीनं २०१० ला कंपोस्टमधल्या सडक्या वांग्यावरून काढलेला मडी नावाचा फेज होता. इंग्लंडमध्ये १५ वर्षांच्या एका मुलीला फुप्फुस बदलल्यावर असा जंतुसंसर्ग झाला की एकही औषध चालेना, तिला तीन फेज मिळून दिले त्यात हा मडी होता, आणि ती सुधारली. २०१९ ला नेचर मेडिसिनमध्ये ते छापून आलंय. पदवीच्या पोरीनं वांग्यावरून काढलेली गोष्ट! हे मी दर बॅचला पहिल्या तासाला सांगते.

आपल्याकडं काय करता येईल? डाळिंबावरचा तेल्या रोग. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याच्या पोरांना तेल्या म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, बागाच्या बागा तोडलेल्या त्यांनी पाहिल्यात. तो झँथोमोनास या जिवाणूमुळं होतो, मग त्याचे फेज त्याच बागेच्या मातीत सापडायची शक्यता आहे. प्लाक बघायला ऑटोक्लेव्ह, इनक्युबेटर आणि अगर एवढंच लागतं, ते कुठल्याही मायक्रोच्या यूजी लॅबमध्ये असतं. जिवाणूचं कल्चर आणि सल्ला यासाठी सोलापूरजवळ केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या शास्त्रज्ञांशी रीतसर पत्र देऊन बोला, रोगाचा जिवाणू आहे म्हणून वापरलेल्या सगळ्या प्लेट ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाता कामा नयेत. जीनोमचं सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यावं लागेल, पैसे नसतील तर प्लाकपर्यंतच थांबा, तेवढंही काम खरंच आहे.

आणि मॅडम तुमच्यासाठी वेगळं सांगते, तिन्ही विज्ञान अकादम्यांची समर रिसर्च फेलोशिप पोरांसाठी असते तशीच शिक्षकांसाठीही असते, दोन महिने चांगल्या लॅबमध्ये काम करता येतं. आपल्याकडचे शिक्षक अर्जच करत नाहीत. हुशार पोरांना होमी भाभा केंद्राच्या नियस या पदवीच्या पोरांसाठीच्या कार्यक्रमाबद्दलही सांगा.

भोंगा यांचं उत्तर

सगळी चर्चा विज्ञानाची चाललीय म्हणून आर्ट्सवाल्यांच्या वतीनं थोडं. मी इतिहास शिकवतो. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, सगळ्या बंद झाल्या, त्यात काम केलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या आठवणी कागदावर आल्या नाहीत तर दहा वर्षांत काही उरणार नाही. आणि इथं प्राध्यापकापेक्षा विद्यार्थी भारी पडतो, कारण पूर्व भागातल्या आजोबांशी मी मराठीत बोललो तर ते चार वाक्यं बोलतात, त्यांची नात तेलुगूत बोलली की बदली कामगाराची रांग, भोंग्याची वेळ, संपाच्या दिवसांत उधारीवर घर कसं चाललं, कोणत्या खात्यात कोण असायचं सगळं बाहेर येतं. मोबाईलवर रेकॉर्ड करा, लेखी संमती घ्या, शब्दशः उतरवा, मूळ भाषेत आणि मराठीत, आणि एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात जमा करा म्हणजे पुढच्या बॅचला तिथून पुढं जाता येईल. सोलापुरात १९३० ला लागलेल्या मार्शल लॉ म्हणजे लष्करी कायद्याबद्दल घराघरात जे सांगितलं जातं तेही असंच गोळा करता येतं, मग ते वर्तमानपत्रं आणि सरकारी कागदांशी ताडून बघायचं. खर्च शून्य.

झूलॉजी_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सीएचबीवाल्या सरांचे, कारण आमच्या विभागातही दोघं तासिकेवर आहेत आणि मी त्यांचा विचार प्रश्नात करायला हवा होता हे लक्षात आणून दिलंत. अळ्यांचं काम घेतेय, जुलैपासून, दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टमध्ये, प्राचार्यांना देण्यासाठी अर्ज लिहायला बसलेय, त्यात दोघांचे तास बिलात धरायची मागणी पहिल्या परिच्छेदात टाकते. आता दोन शंका. पोरांनी आधी काय झालंय ते वाचायला हवं, पण जर्नल विकत घेणं कॉलेजला परवडत नाही. आणि पुढं छापायची वेळ आली तर पैसे मागणारी खोटी जर्नल ओळखायची कशी? रोज व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, तीन दिवसांत पेपर, आयएसएसएन सर्टिफिकेटसह.

ग्रंथपाल_बार्शी यांचं उत्तर

मॅडम याचं उत्तर ग्रंथपालाकडंच असतं, पण विचारायला कोणी येत नाही. तुमचं कॉलेज अनुदानित आहे तर बहुतेक एन-लिस्टचं सदस्य असणारच, यूजीसीच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या केंद्राची योजना आहे ती, हजारो जर्नल आणि ई-बुकं त्यात आहेत. कॉलेजच्या नावानं एक लॉगिन असं नसतं, प्रत्येक शिक्षकाचं आणि विद्यार्थ्याचं वेगळं असतं, तुमच्या ग्रंथपालांना वर्गाची नावं आणि ईमेलची यादी द्या, ते खाती उघडून देतील, पोरांना घरून मोबाईलवरही वाचता येतं. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, ३० प्रकाशकांची १३,००० च्या आसपास जर्नल, पण पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारनं चालवलेल्या संस्था आहेत, सरकारी कॉलेजात कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याबरोबर मिळून काम करा, ते कायदेशीरपणे वाचू शकतात आणि तुमचा गट मोठा होतो. शोधगंगावर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, डासांच्या अळ्यांवर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत काय काम झालंय ते आधी तिथं शोधायला लावा, संदर्भसूची वाचायची सवय तिथूनच लागते. पोरांना थेट इंग्रजी पेपर जड जातात, त्यांना आधी रेझोनन्स द्या, भारतीय विज्ञान अकादमीचं १९९६ पासूनचं मासिक, सगळे अंक ऑनलाईन फुकट, शिकणाऱ्यांसाठीच लिहिलेलं.

जर्नलबद्दल. पूर्वी लोक यूजीसी केअर या मान्य जर्नलांच्या यादीत बघायचे, ती यादी यूजीसीनं २०२५ मध्ये बंद केली, आता पारख आपल्यालाच करायचीय. मेसेज करून पेपर मागणारं, तीन दिवसांत छापतो म्हणणारं जर्नल लगेच बाजूला ठेवा, कारण दोन तज्ज्ञांनी वाचून शेरे द्यायला तीन दिवस पुरतच नाहीत. संपादक मंडळातल्या एक-दोघांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर ईमेल करून विचारा, तुम्ही खरंच यात आहात का, पुष्कळांना माहितीच नसतं की त्यांचं नाव तिथं आहे. डीओएजे या मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांच्या ऑनलाईन यादीत जर्नल आहे का आणि लेखकाकडून पैसे घेतं का ते दोन मिनिटांत कळतं. प्राण्यांवरच्या कामासाठी कोइम्बतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा लेखकाकडून पैसे घेत नाही, डासांचं काम त्यांच्या कक्षेत बसेल की नाही ते त्यांच्या सूचना वाचून ठरवा. २०१८ च्या यूजीसी नियमात दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्याहून जास्त असेल तर कारवाई आहे, ते पोरांना पहिल्या दिवशीच सांगा आणि उतरवणं म्हणजे काय हे त्यांच्याच एखाद्या असाइनमेंटवर दाखवा.

आणि छापायची घाई नको. आधी पहिल्या वर्षाच्या सगळ्या नोंदी, कोऱ्या तक्त्याचा नमुना आणि काम करणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव असलेली एक बांधीव फाईल ग्रंथालयात नोंद करून ठेवा, दाखल क्रमांक टाकून. सॉफ्ट कॉपी पेन ड्राईव्हवर आणि कॉलेजच्या ड्राईव्हवर दोन्हीकडं. तुमचे ग्रंथपाल तयार होत नसतील तर मला इथंच मेसेज करा, नोंद कशी करायची त्याचा फॉर्म मी पाठवते.